मोबाईल काढून घेतला की पोर जेवते?

गणपती जवळ आले की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. थोडक्यात असा: मुलींचं न जेवणं हा आजार नाही, इन्स्टाग्रामने लावलेलं शहरी खूळ आहे. मासे-भात खाणाऱ्या कोकणात हे कधी नव्हतं. चूक आईच्या लाडांची. मोबाईल काढून घ्या, दोन दिवस विचारू नका, भूक लागली की ताटावर येईल. खाली अंगठ्यांची रांग.

माझी भाची कुडाळला अकरावीत शिकते. बांगड्याच्या काट्यांखाली भात दाबून ताट उचलायची तिची पद्धत आम्हाला चार महिने कळली नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी इन्स्टाग्राम. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. फिजी बेटांवर नाद्रोगा भागात टीव्ही १९९५ मध्ये पोहोचला. तेव्हा तपासलेल्या शाळकरी मुलींत वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के निघालं. तेव्हा पडद्याचा हात आहेच. पण ॲनोरेक्सिया, म्हणजे मुद्दाम उपाशी राहून खंगत जाण्याचा आजार, लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग यांनी १८७३ मध्ये मांडला, तेव्हा कुठला मोबाईल? तेच रील शंभर पोरी बघतात, आजारी एखादीच पडते. जुळ्यांच्या अभ्यासांत ॲनोरेक्सियाचा निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिक निघतो. आणि हाँगकाँगमध्ये १९९० च्या आसपास अशाही रुग्ण मुली होत्या ज्यांना जाड होण्याची भीतीच नव्हती. त्या म्हणायच्या, पोट भरलंय.

हे वाक्य आपल्याकडे किती सहज खपतं बघा. सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार. भाचीने एकेक उपवास वाढवत नेला आणि आजीने कौतुक केलं. कोकणात हे नव्हतं म्हणणाऱ्यांनी सांगावं, असलं तरी दिसलं कुठे असतं?

आता मेसेजमधला सगळ्यात घातक भाग: भूक लागली की येईल. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने निम्म्या पोटी ठेवलं. वजन पावपट उतरलं. पण डोक्याचं जे झालं ते बघण्यासारखं आहे. ही माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटं चाटू लागली, एकेक जेवण तासभर चिवडत बसू लागली, माणसांत मिसळेनाशी झाली. एकाने हाताची बोटं तोडून घेतली. यांच्यातल्या कुणाला बारीक दिसायची हौस नव्हती. म्हणजे जे आपल्याला हट्ट, तिरसटपणा, नाटक वाटतं, त्यातलं बरंचसं उपासमारीनेच घडवलेलं असतं. आमची पोर घरभर सगळ्यांसाठी घावणे काढायची, स्वतः एकही खायची नाही. तेव्हा आम्हाला ती गुणी वाटली.

दोन दिवस विचारू नका म्हणजे आगीत तेल. उलट, फार खंगलेल्या मुलीला एकदम पोटभर वाढणंही धोक्याचं. रक्तातलं फॉस्फेट नावाचं क्षारद्रव्य घसरून जीव जाऊ शकतो. डॉक्टर लागतोच.

आईच्या लाडांचं काय बोलायचं! लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातून पुढे आलेल्या उपचारपद्धतीत तर मुलीला जेवू घालायची जबाबदारी आईवडिलांवरच सोपवतात. त्यांना दोषी धरून हे कसं जमेल? आणि हो, हा आजार मुलग्यांनाही होतो. व्यायामशाळेच्या नावाखाली तो झाकला जातो, एवढंच.

कुणाच्या घरी असं चाललं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या एका काकांनी ओटीवर पाय ठेवताच म्हटलं होतं, "काय गो, बारीक झालंस! आता बरां दिसतंस." त्यानंतर ती मोदकाला शिवली नाही. यंदा वहिनीने चाकरमानी यायच्या आधीच सगळ्यांना फोन केले: अंगावरून एक शब्द नको. काका आले, तिच्याकडे बघून तोंड उघडलं, थांबले, आणि पनवेलपासूनच्या पावसाचं वर्णन करत बसले.