एक मिनिट वाचून दाखव

वादाला तोंड फुटलं ते ‘हायस्कूलच्या मुलांना वाचनाची आवड कशी लावायची’ या प्रश्नावरून. कट्ट्यावर चौघं होते: भाषा शिकवणारी, विज्ञान शिकवणारा, शाळेचा ग्रंथपाल आणि आठवीतल्या मुलाचा बाप.

“आवड हा शब्द आधी बाजूला ठेवा,” भाषावाली म्हणाली. “आठवीतलं पोर वाचत नाही, त्याला निदान तीन वेगळी कारणं असतात. एकाला शब्द जुळवतानाच दम लागतो. दुसरा घडाघडा वाचतो, पण अर्थ लागत नाही. तिसऱ्याला दोन्ही जमतं, फक्त त्याच्याजोगतं पुस्तक हाती आलेलं नाही. तिघांनाही आपण एकच औषध देतो: पुस्तकांचं प्रदर्शन, घोषवाक्यं आणि भाषण. ते लागू पडलंच तर तिसऱ्याला.”

“आणि मोबाइल?” बापाने विचारलं.

“मोबाइल काढून घेतलास तर वेळ मोकळा होईल. त्या वेळात वाचता यायला हवं ना? ज्याला वाचायचा त्रास होतो, तोच आधी तिकडे वळतो.”

मोबाइलवर पुढे कोणी बोललं नाही. भाषावालीने 1986 साली गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी मांडलेला साधा हिशेब सांगितला: वाचून समजणं म्हणजे शब्द ओळखणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. म्हणून आधी कुठली बाजू लंगडी आहे ते शोधायचं.

“शोधायचं कसं?”

“एकेकाला बाजूला बसवून ऐकायचं. पाठ्यपुस्तकातला न शिकवलेला, साधारण दोनशे शब्दांचा उतारा. एक प्रत त्याच्या हातात, एक माझ्या. एक मिनिट मोठ्याने वाचायचं. चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, मधे टोकायचं नाही. मिनिटाला किती शब्द वाचले, त्यातले बरोबर किती, ते लिहून ठेवायचं आणि दोन प्रश्न विचारायचे. शंभर शब्दांत पाचच्या वर चुका गेल्या तर तो मजकूर त्याला आधाराशिवाय जड आहे. दहाच्या वर गेल्या तर त्याच्या हातातून काढून सोपा द्यायचा. उत्तरं आली नाहीत, तर तसाच दुसरा उतारा आपण वाचून दाखवायचा. ऐकून समजलं, वाचून समजलं नाही, म्हणजे अडचण शब्द ओळखण्यात. ऐकूनही समजलं नाही, तर अडचण शब्दसंग्रहात आणि माहितीत.”

विज्ञानवाल्याला हे पटेना. “चाळीस मुलं आहेत. वेळ कुठून आणायचा?”

“प्रत्येकी तीन मिनिटं धर. एकशेवीस मिनिटं, म्हणजे शाळेच्या तीन-चार तासिका. बाकीची मुलं तेवढा वेळ मनात वाचतील. वर्षातून तीनदा केलंस तरी पुष्कळ. आणि नुसत्या चुका मोजू नकोस, त्यांची जात बघ. ‘परिमाण’च्या जागी ‘परिणाम’ वाचणारा पहिली दोन अक्षरं बघून उरलेला शब्द अंदाजाने पुरा करतो. रफार खाणारा किंवा जोडाक्षरापाशी थबकणारा वेगळा. विरामचिन्हं ओलांडून धावणारा तिसरा. त्याचे शब्द बरोबर येतात आणि वाक्य हरवतं.”

ग्रंथपाल इतका वेळ गप्प होता. “तुम्ही वाचनाचा दवाखाना करून टाकला,” तो म्हणाला. “मुलाला पुस्तक मिळू दे आधी. ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांनी 1931 सालीच सांगून ठेवलंय: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. कुलूपबंद कपाटात पाठ दाखवून उभ्या पुस्तकांना वाचक कसा मिळणार? वर्गात खोकं ठेवा, चाळीस-पन्नास पुस्तकं, मुखपृष्ठ समोर. महिन्याने शेजारच्या वर्गाशी अदलाबदल. नोंदवही मुलांच्याच हातात. आठवड्यातून एकदा मी येऊन दोन-दोन मिनिटं तीन पुस्तकांबद्दल बोलेन: एक पान वाचायचं आणि ऐन गाठीपाशी थांबायचं. पण त्या पुस्तकांच्या दोन-तीन प्रती हव्यात. एकच असली तर पहिल्याने नेली की बाकीच्यांची उत्सुकता तिथेच विझते.”

“आणि रोज वीस मिनिटं मूक वाचन?”

“हवंच.”

इथे भाषावाली अडून बसली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने 2000 सालच्या अहवालात, मुलांना नुसतं मनात वाचू दिल्याने वाचनाचा ओघ सुधारतो असं म्हणायला पुरेसा पुरावा सापडला नाही, असं नोंदवलं होतं. शिक्षकाच्या देखरेखीखाली पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचण्याला मात्र पुरावा होता. “अडखळणारं पोर वीस मिनिटं पानं उलटतं. ते वाचन नव्हे.”

“तास नीट चालवला नाही तर उलटतंच,” ग्रंथपाल म्हणाला, आणि त्याच्या या मुद्द्याला तोड नव्हती. पुस्तक तासाआधी निवडलेलं हवं, नाहीतर पहिली आठ मिनिटं खोक्याभोवती जातात. सुरुवातीचं आणि शेवटचं पान एका चिठ्ठीवर लिहायचं, बाकी काही नाही. पानावर अडीचशे शब्द आणि वेग मिनिटाला दीडशेचा असेल, तर वीस मिनिटांत बारा पानं व्हायला हवीत. सलग तीन दिवस तीन-चार पानांवरच गाडी अडली, तर मुलाला रागवायचं नाही, पुस्तक बदलायचं. वीस पानं वाचून पुस्तक सोडायची मोकळीक द्यायची. शिक्षकाने वह्या तपासायच्या नाहीत; रोज तीन मुलांशेजारी बसून दोन मिनिटं ऐकायचं. आणि पुस्तक संपल्यावर सारांश लिहायला लावायचा नाही. पुढचं पुस्तक मूल त्या लिखाणाच्या धास्तीनेच घेत नाही.

बक्षिसांवर दोघांचं लगेच जमलं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली बालवाडीतल्या, चित्रं काढायची हौस असलेल्या मुलांवर प्रयोग केला. प्रशस्तिपत्र देऊ असं आधी कबूल केलेली मुलं नंतर आपणहून कमी वेळ चित्रं काढू लागली. न सांगता प्रशस्तिपत्र मिळालेल्यांचं तसं झालं नाही. सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्याला चषक ठेवला की मुलं पातळ पुस्तकं शोधतात, ही कट्ट्यावरच्या प्रत्येकाची खात्री.

“मोठ्याने वाचायचं म्हणजे एकामागून एक उभं करायचं ना?” विज्ञानवाल्याने विचारलं.

“मुळीच नाही. चाळीस मिनिटांत एकाच्या वाट्याला एक मिनिट येतं, आणि बाकीची मुलं आपला परिच्छेद कुठला ते मोजत बसतात. जोड्या लाव. त्या एका मिनिटाच्या आकड्यांवरून क्रम लाव, यादी मधोमध कापून दोन्ही भाग शेजारी ठेव: पहिल्याबरोबर एकविसावा, दुसऱ्याबरोबर बाविसावा. पहिला आणि चाळिसावा अशी जोडी नको. एक कंटाळतो, दुसरा शरमतो. यादी मुलांना दाखवायची नाही. शे-दीडशे शब्दांचा उतारा, दोघांनी आलटून पालटून तीन-तीनदा वाचायचा, पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन वेळा. शर्यत होऊ नये म्हणून प्रत्येक वाचनानंतर ऐकणाऱ्याने एक गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची.”

तिने आणखी एक अभ्यास काढला. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या 12-13 वर्षांच्या मुलांच्या वर्गांत बारा आठवड्यांत दोन कसदार कादंबऱ्या मोठ्याने, नेहमीपेक्षा वेगाने, सलग वाचून घेतल्या. मुलांच्या वाचनात सरासरी साडेआठ महिन्यांची प्रगती दिसली, आणि मागे असलेल्यांत सोळा महिन्यांची. “उतारे तोडून तोडून शिकवतो तेव्हा कमजोर मुलाला गोष्ट कधी सापडतच नाही. शिक्षकाने वाचायचं, मुलांनी पुस्तकात नजर ठेवायची, थांबे कमी.”

विज्ञानवाल्याचा सूर बदलला होता. “मग माझ्या तासाला काय? ते काम भाषेचंच.”

“उलट तुझ्याच तासाला जास्त. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी 1988 साली बेसबॉलच्या सामन्यावरचा मजकूर 64 मुलांना दिला. खेळ माहीत असलेली कमजोर वाचक मुलं, खेळ न कळणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा सरस ठरली. विषयाची माहिती असेल तर वाचन सोपं होतं. तू ‘प्रकाशसंश्लेषण’ शिकवतोस तेव्हा शब्द फोडून दाखव, धड्याआधी त्याच विषयावरचे दोन छोटे, सोपे मजकूर दे. आणि ‘परिणामी’, ‘तथापि’, ‘अन्यथा’, ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ हे शब्द कुठल्याच विषयात कोणी शिकवत नाही, मुलं त्यांच्यावरून उडी मारतात. ‘तथापि’ निसटला की वाक्याचा अर्थ उलटा लागतो. धड्यातली अशी तीन वाक्यं फळ्यावर लिही, जोडणारा शब्द पुसून टाक, कुठला बसतो ते विचार. पाच मिनिटांचं काम.”

“ते जमेल,” तो म्हणाला. आकडे टिपायचं मात्र त्याने कबूल केलं नाही.

बाप उठता उठता म्हणाला, “माझ्या घरी पोराला वाचायला जोडीदार नाही. मी काय करू?”

“पुस्तक त्याला निवडू दे. दहा मिनिटं, दोघांनी एकत्र मोठ्याने वाचायचं. त्याला एकट्याने वाचावंसं वाटलं की तो कोपराने खूण करेल, मग तू थांबायचं. तो अडला तर चार-पाच सेकंद वाट बघ. नाही जमलं तर शब्द तू सांग, तो त्याने एकदा म्हणायचा, आणि पुन्हा दोघांनी मिळून पुढे वाचायचं. फोडून वाच, नीट बघ, असलं काही म्हणू नकोस.”

“आणि आठवीत आहे, लाजला तर?”

“दार लावून घ्या.”