कर्ज म्हणजे ऑर्डर नव्हे

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करतोय. वरणभात कालवता कालवता त्याने विचारलं, "मावशी, सरकारने मदत थांबवली की बाजार आपला आपण चालतो का गं? तुम्ही तर धंद्यात आहात." तेव्हा मला धड काही सांगता आलं नाही. नंतर दोन रात्री तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पुण्याजवळ भोसरीत आमची छोटी शेड आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी, धातू कापायची मशिनं), अकरा माणसं. गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं जॉबवर्क. मशिन हे बघतात, हिशेब मी. २००८ च्या दिवाळीनंतर वह्या माझ्या हातात आल्या, त्याच सुमाराला अमेरिकेतल्या मंदीने आपल्याकडच्या ऑर्डरी आटल्या होत्या. त्यामुळे सरकारी मदत येताना आणि जाताना, दोन्ही वेळा मी तिला वहीच्या पानावर पाहिलंय.

माझं मत आधीच सांगून टाकते. मदत गेल्यावरही बाजार चालतो, पण ती चालू असताना लोकांची महिन्याची कमाई वाढली असेल तरच. नुसतं कर्ज मिळालं किंवा नुसती सवलत मिळाली, तर ती संपल्यावर परत पहिले पाढे पंचावन्न.

२०२० च्या मे महिन्यात केंद्राने तीन लाख कोटींची हमी कर्जयोजना आणली. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या वीस टक्के जादा कर्ज, तारण नाही, हमी सरकारची. पहिलं वर्ष फक्त व्याज, नंतर छत्तीस महिन्यांत मुद्दल. आमचे चाळीस लाख बाकी होते, म्हणून आठ लाख मिळाले. त्यातून पगार झाले, विजेचं थकलेलं बिल भरलं, मटेरियलवाल्याची उधारी फेडली. त्या आठ लाखांनी आमची शेड वाचवली. ज्यांना सरकारी मदत म्हणजे उधळपट्टी वाटते त्यांनी त्या जूनमध्ये भोसरीत एक चक्कर मारायला हवी होती. गल्लीच्या गल्ली शटर बंद.

पण ऑगस्ट २०२१ मध्ये मुद्दलाचा पहिला हप्ता गेला, बावीस हजारांवर, व्याज वेगळं. आणि नेमकी तेव्हाच चिपची टंचाई. कार कंपन्यांचं उत्पादन घटलं आणि सहा हजार पीसचं आमचं शेड्यूल, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेली ऑर्डर, बावीसशेवर आलं. एका संध्याकाळी आमचा सीएनसी ऑपरेटर टेबलासमोर येऊन उभा राहिला. हात पुसायचं फडकं तसंच हातात. म्हणाला, "वहिनी, ओव्हरटाइम कधी सुरू होणार? गाडीचा हप्ता आहे." माझ्यासमोर बँकेचं स्टेटमेंट उघडंच होतं. त्याचा हप्ता आणि आमचा हप्ता एकाच ऑर्डरीवर अवलंबून होता, आणि ती ऑर्डरच नव्हती. योजनेने आम्हाला वेळ दिला, गिऱ्हाईक नाही दिलं. ते देणं तिचं कामही नव्हतं.

तारलं ट्रॅक्टरच्या कामाने. दोन वर्षं पाऊस चांगला झाला होता, पिकं आली होती, शेतकऱ्याच्या हातात पैसा होता. २०२०-२१ मध्ये देशात ट्रॅक्टरची विक्रमी विक्री झाली. ती मागणी कुठल्याही शेवटच्या तारखेला बांधलेली नव्हती, म्हणून टिकली.

शेवटच्या तारखेचं उदाहरण पुणेकरांना सांगायला नको. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत, मग मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के. आमच्या धाकट्या दिरांनी मोशीत फ्लॅट घेतला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणीसाठी सकाळपासून रांगेत, डबा मी पाठवला होता. ते खरं तर पुढच्या पाडव्याला घेणार होते. म्हणजे खरेदी नवी नव्हती, पुढची अलीकडे ओढलेली होती. असे कितीतरी. एप्रिलनंतर व्यवहार मंदावले, त्यात दुसरी लाट. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत पुण्यात घरं पुन्हा जोरात विकली गेली, सवलत नसताना. कारण हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांत पगार वाढले होते. सवलतीने गाडा ढकलला, पण पुढे तो पगारांनीच ओढला.

इलेक्ट्रिक स्कूटरचंही तेच. १ जून २०२३ ला केंद्राने अनुदानाची मर्यादा किमतीच्या चाळीस टक्क्यांवरून पंधरावर आणली. मे महिन्यात देशभरात लाखावर स्कूटर नोंदल्या गेल्या होत्या, जूनमध्ये निम्म्याहूनही कमी. निर्णय जेमतेम दहा-बारा दिवस आधी जाहीर झाला. त्या धंद्यातल्या छोट्या पुरवठादाराने तेवढ्यात काय सावरायचं? उत्पादनाचा खर्च उतरला आणि कंपन्यांनी किमती जुळवल्या, तेव्हा काही महिन्यांत विक्री वर आली. पण मधले महिने कुणीतरी रिकाम्या शेडमध्ये काढलेच ना.

भाच्याने १९३७ चा दाखला दिला, तो योग्यच आहे. महामंदीतून अमेरिका वर येत होती. रूझवेल्ट यांना अंदाजपत्रक जुळवायचं होतं, खर्च कापला. त्याच वर्षी पगारातून सामाजिक सुरक्षेचा नवा कर सुरू झाला, आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांनी राखून ठेवायची रक्कम ऑगस्ट १९३६ ते मे १९३७ मध्ये टप्प्याटप्प्याने दुप्पट केली. तिन्ही गोष्टी लागोपाठ. औद्योगिक उत्पादन सुमारे एक तृतीयांश घसरलं आणि १९३८ मध्ये सरकारला पुन्हा खर्च वाढवावा लागला.

उलट बाजू मी स्वतः पाहिली आहे. डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरलं, फेब्रुवारीत आणखी दोन. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, पावणेपाच टक्क्यांपर्यंत खाली आला. २००९ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे पुन्हा दोन शिफ्ट सुरू झाल्या, आनंद झाला. पण मोकळा हात उशिरापर्यंत मोकळाच राहिला. महागाई भडकली, रिझर्व्ह बँकेने मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ मध्ये तेरा वेळा दर वाढवले, आणि त्या काळात वाटलेली मोठी कर्जं पुढे बुडीत निघाली. २०१८ मध्ये बँकांचं थकीत कर्ज अकरा टक्क्यांवर गेलं होतं. त्याची झळ आम्हालाही बसली. बँकेचा मॅनेजर नव्या कर्जमर्यादेचं नावच काढू देईना.

म्हणून मदत कायम ठेवा असं मी म्हणत नाही. पायरीपायरीने काढा, आधी सांगून काढा. कोविडनंतर केंद्राने तूट देशाच्या एकूण उत्पन्नाच्या (जीडीपीच्या) ९.२ टक्क्यांवरून २०२४-२५ पर्यंत ४.८ वर आणली, ती एका फटक्यात नाही, हे मला बरोबर वाटतं. आणि मदत तरी पूर्ण कुठे गेली? रस्ते, रेल्वे वगैरेंवरचा केंद्राचा एकूण भांडवली खर्च २०१९-२० मध्ये साडेतीन लाख कोटींच्या आत होता, २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात तो अकरा लाख कोटींच्या वर होता. मदतीने फक्त रूप बदललंय. सरकार थांबल्यावर खाजगी कारखानदार तेवढं ओझं उचलेल का, हे अजून दिसायचंय.

एक मदत मात्र अशी आहे जिच्यावर तिजोरीतून एक रुपया जात नाही. आमचे पैसे वेळेवर द्या. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचा कायदा २००६ चा आहे. २०२३-२४ पासून आयकरातही नियम आला की लघुउद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर पैसे देईपर्यंत तो खर्च धरता येणार नाही. तरी एका मोठ्या ग्राहकाकडे आमची बिलं नव्वद-शंभर दिवस पडून असतात. फोन करून करून माझा जीव मेटाकुटीला येतो. ते पैसे वेळेत आले तर ओव्हरटाइम वेळेत जातो. अडीच लाख अडकले की मी व्याजाने पैसे उचलते आणि पगारवाढ पुढे ढकलते. अशा किती शेड असतील नुसत्या पिंपरी-चिंचवडमध्ये!

२०१९ मध्ये कंपन्यांचा कर तीस टक्क्यांवरून बावीसवर आणला, तेव्हा वाटलं होतं की सगळे नवी मशिनं घेतील. मी आमच्यापुरतं सांगते. आठ लाखांचा शेवटचा हप्ता २०२४ च्या जुलैत गेला. दुसऱ्याच आठवड्यात बँकेतून फोन, मशिनसाठी कर्ज घ्या म्हणून. ह्यांना नवी व्हीएमसी घ्यायची फार इच्छा आहे, कोटेशनही आणून ठेवलंय. मी त्यांना एकच विचारलं, शेड्यूल किती महिन्यांचं आहे? तीन. मशिनचा हप्ता साठ महिन्यांचा. सहा महिन्यांचं जरी पक्कं शेड्यूल हातात आलं ना, तरी त्याच दिवशी मी सही करेन.