अ‍ॅनिमेचं परीक्षण लिहिताय? आधी आकडा ठरवा

अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून. अशी एखादी मालिका संपल्यावर नुसतं 'मस्त होती' म्हणून झोपायला जाणारे लोक अजून शिल्लक आहेत. अशांना फॅन-मंडळात कुणी दारात उभं करत नाही. तुम्हाला मान हवा असेल तर परीक्षण लिहा, आणि परीक्षणात आधी आकडा लिहा. कारणं मागाहून सुचतात. मालिका बघायच्या आधीच आकडा ठरला असेल तर फारच उत्तम, बघताना उगाच मन चळत नाही.

मायअ‍ॅनिमेलिस्ट या वेबसाइटवर प्रेक्षक दहापैकी गुण देतात. ७ म्हणजे 'चांगली' आणि ५ म्हणजे 'साधारण', असं तिथे चक्क लिहून ठेवलंय. तिकडे काणाडोळा करा. तुमच्या लाडक्या मालिकेला कुणी ७ दिले तर त्याने तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केलाय, असं धरून चाला. खरे आकडे दोनच. १० आपल्या मालिकेला, आणि १ त्या मालिकेला, जी आपलीच्या डोक्यावर चढू बघतेय. 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड' तिथे वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर ठाण मांडून होती. २०२३ मध्ये 'फ्रिरेन'ने तिला खाली ढकललं. गेलेल्या मित्राच्या आठवणी काढत निवांत भटकणाऱ्या, परीकथेतल्या एल्फ जमातीच्या एका बाईची ती गोष्ट. तिच्यापायी एकमेकांच्या गचांड्या धरायला खास प्रतिभा लागते. ती कमवा.

पुढचा मुद्दा कुळाचा. 'पहिलं अ‍ॅनिमे कुठलं पाहिलंस?' हा प्रश्न येणारच. खरं उत्तर 'हंगामा चॅनेलवर, हिंदीतला डोरेमॉन' असंच असतं, आपल्या अख्ख्या पिढीचं. ते चुकूनही देऊ नका. 'आकिरा, १९८८' म्हणा आणि खिडकीबाहेर बघा. डबिंगचा विषय निघाला की चेहरा असा करा, जणू ताटात केस निघालाय. जपानी येत नसेना का, मूळ आवाजातला भाव तुम्हाला कळतो. लहानपणी शिनचॅनच्या हिंदी आवाजावर लोळून हसलात, तो मात्र वेगळा विषय.

आता चित्रकलेकडे वळू, कारण अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला इथे सर्वांत जास्त वाव आहे. हाणामारी ऐन रंगात आली की पॉज करा. एक-एक फ्रेम पुढे सरकवा. दोन मुख्य चित्रांच्या मध्ये वेग दाखवायला मुद्दाम ताणलेला, फासलेला एखादा चेहरा सापडेलच. एक डोळा कानाशी, जबडा गळ्यात. त्याचा स्क्रीनशॉट काढा, लाल गोल करा आणि खाली लिहा, 'बजेट संपलं वाटतं!' चालत्या दृश्यात तो चेहरा निमिषभरसुद्धा टिकत नाही, हे सांगायची गरज नाही. २०१० मध्ये 'नारुतो शिप्पूदेन'च्या १६७व्या भागाची अशीच टर उडवली गेली. त्यातल्या 'पेन' नावाच्या खलनायकाचा रबरासारखा ताणलेला चेहरा जगभर फिरला. अ‍ॅनिमेशनमधले जाणकार आजही त्या भागाची हालचाल वाखाणतात, पण जाणकारांना लाइक्स किती मिळतात?

'बजेट' हा शब्द तर पाठच करा. सगळ्याला लागू पडतो. टीव्हीवरच्या मालिकेत एकच चित्र बऱ्याचदा तीन-तीन फ्रेम धरून ठेवतात, चेहरा स्थिर आणि नुसते ओठ हलतात, जुनी दृश्यं परत वापरतात. १९६३ मध्ये तेझुका ओसामू यांच्या स्टुडिओने 'अ‍ॅस्ट्रो बॉय' दर आठवड्याला अर्धा तास द्यायचं अंगावर घेतलं, तेव्हापासून या काटकसरीची घडी बसली. त्यात पैशाइतकाच वेळाचा तुटवडा असतो, आणि मधली चित्रं काढणाऱ्या पोरांना आजही चित्रागणिक चिल्लर मिळते. पण हे सगळं लिहायला गेलात तर परीक्षण लांबेल आणि शेवटी राग कुणावर काढायचा तेच कळेनासं होईल. त्यापेक्षा 'स्टुडिओ आळशी आहे' लिहून मोकळे व्हा.

'इव्हँजेलियन'वर मात्र जपून. १९९६ मध्ये तिचे शेवटचे दोन भाग पाहून खुद्द जपानी प्रेक्षक चक्रावले होते. तुम्हालाही ओ की ठो कळलं नसेल तर 'थरारक मानसशास्त्रीय पदर' एवढं लिहा. आणखी कुणी खोलात विचारलंच, तर 'तुला नाही कळणार' हे रामबाण उत्तर आहे. २००९ मध्ये 'हारुही' या मालिकेने एकच गोष्ट सलग आठ आठवडे दाखवली. चित्रं दर वेळी नवी, आवाज दर वेळी नव्याने भरलेले, गोष्ट तीच. आपल्याला हे जमणं अवघड नाही, एकाच मालिकेवर आठ परीक्षणं लिहायची. नवी चित्रं काढायचाही त्रास नाही.

थिएटरमध्ये अ‍ॅनिमे येत नाही म्हणून गळा काढा, आणि आला की बाकीच्या प्रेक्षकांवर घसरा. २०१९ मध्ये 'वेदरिंग विथ यू' इथे पडद्यावर यावा म्हणून भारतातल्या फॅन्सनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या, आणि तो आलाही. तसा एखादा सिनेमा आला की शेजारच्या खुर्चीतल्या मुलाने टाळी कुठे वाजवली, यावर दोन परिच्छेद आरामात होतात.

शेवटी एखादा नवखा येईल आणि विचारेल, 'सुरुवात कुठून करू?' त्याला 'वन पीस'कडे पाठवा. १९९९ पासून चालू आहे, हजाराच्या वर भाग झालेत. 'पहिले तीनशे काढ, मग मजा येते,' असं धीर देऊन सांगा. तो शहाणा निघाला आणि भलतीच कुठली तरी बारा भागांची मालिका बघून 'मला आवडली' म्हणत परत आला, तर 'आधी मांगा (म्हणजे जपानी चित्रकथा) वाच' म्हणा. कुठला, ते सांगू नका.