पूल-स्पाला एकच मोटर व्हॉल्व्ह पुरत नाही

वाई-पाचगणीकडच्या बंगलेवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय, की पोहायचा पूल आणि स्पा (त्याला लागूनचा गरम पाण्याचा छोटा टब) एकाच पंपावर असेल तर फक्त रिटर्नच्या व्हॉल्व्हला तो आपोआप फिरवणारी मोटर बसवा, सक्शनचा पूलवर सेट करून सोडून द्या, निम्मा खर्च वाचतो. हे चुकीचंय, असं अजिबात करू नका.

पंप पाणी कुठून ओढणार ते सक्शनचा थ्री-वे (तीन तोंडांचा) व्हॉल्व्ह ठरवतो, कुठं सोडणार ते रिटर्नचा. स्पा मोड लावला की दोन्ही सोबत फिरायला पाहिजेत. एकटा रिटर्न फिरला तर पाणी पूलमधून येणार, स्पात पडणार आणि काठावरून परत पूलमध्ये सांडणार, म्हणजे हीटर अख्खा पूल तापवत बसतो आणि स्पा कोमटच. मुद्दाम धबधब्यासारखं सांडवायचं असेल तेव्हा ही सेटिंग ठीक, पण तेव्हाही उंचावरच्या स्पाच्या रिटर्न लाइनला चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) हवाच, नाहीतर लाइट गेली की स्पातलं पाणी पाइपातून उलटं पूलमध्ये उतरतं, आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. उलटं झालं, सक्शन स्पावर आणि रिटर्न पूलवर, तर स्पा बघता बघता रिकामा, पंप हवा ओढतो, सील जळतं.

त्याच मेसेजात मोटर थेट घरच्या लाइनला जोडा म्हटलंय, तेवढं तर कृपा करून करू नका!! या मोटरी बहुतेक २४ व्होल्ट एसीच्या असतात, ट्रान्सफॉर्मर लागतोच. २३० दिले तर मोटर जळेलच, पण पाण्याशेजारी करंटचा धोका त्याहून मोठा.