निगेटिव्ह रिपोर्टवर एवढा भरवसा?

स्क्रब टायफस, म्हणजे गवता-झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा ताप, यावरच्या लेखातलं ‘आयजीएम एलायझा निगेटिव्ह आली की स्क्रब टायफस नाही’ हे वाक्य धोक्याचं आहे. ही रक्तचाचणी आयजीएम अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन, शोधते आणि ती सापडण्याइतकी वाढायला तापाचे साधारण ५ ते ७ दिवस जातात. त्याआधी रक्त काढलं तर निगेटिव्ह येऊ शकतं. इगतपुरीकडच्या आमच्या मावशीचं तेच झालं. बांधावरचं गवत कापलं, मग ताप. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, एलायझापण निगेटिव्ह. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी काख तपासली तर काळी खपली, त्या किड्याच्या चाव्याची खूण! विडीचा चटका बसावा तशी, पण न दुखणारी, म्हणून मावशी बोललीच नव्हती. त्यावरचं अँटिबायोटिक डॉक्सिसायक्लिन त्यांनी पुढच्या रिपोर्टची वाट न बघता सुरू केलं.

आणि लेखात वाइल-फेलिक्स चाचणीचं एवढं कौतुक कशाला? प्रोटियस जिवाणूच्या आधाराने केलेली जुनी चाचणी ती, बरेच रुग्ण तिच्यातून निसटतात. स्वस्त आहे, एवढं मान्य.