अध्ययन-अक्षमता म्हणजे आळस नव्हे

गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेले पंधरा दिवस एक संदेश फिरतो आहे. अध्ययन-अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण, हे नवे खूळ आहे, अशी मुले मुळात आळशी असतात, इंग्रजी शाळेत घातली की सुधारतात आणि या अक्षमतेचे प्रमाणपत्र ही गुण लाटण्याची पळवाट आहे, असे त्यात म्हटले आहे. मराठी प्राथमिक शाळेत बरीच वर्षे शिकवत असल्याने त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

खूळ नवे नाही. प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी १८९६ सालीच चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकिकत प्रसिद्ध केली होती. त्याला अक्षरे ओळखता येत, पण साधे शब्द वाचता येत नसत.

आळसाचा आरोप माझ्या मनाला सर्वांत जास्त लागतो. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आईशेजारी भाजी विकायला बसतो आणि त्रेपन्न रुपये झाले की शंभरातून सत्तेचाळीस बिनचूक परत देतो. वहीत मात्र तोच त्रेपन्न ३५ असा उतरतो, कारण मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि कानावर पडलेला तीन तो आधी लिहितो. ‘घर’चे ‘धर’ होते. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी कुठे द्यायची ते त्याला कळत नाही, कारण उच्चारात क आधी येतो आणि कागदावर वेलांटी. खोडून खोडून त्याच्या वहीची पाने फाटली आहेत; आळशी मूल इतके खोडत नाही. आता आम्ही ताटात रेती पसरून, तोंडाने उच्चार करत, बोटाने फक्त ‘घ’ गिरवतो आणि तो पक्का होईपर्यंत ‘ध’ला हात लावत नाही. वर्गासमोर मोठ्याने वाचायलाही त्याला उभे करत नाही.

इंग्रजी शाळेने हे सुटत नाही. उलट ‘पुट’ आणि ‘बट’ यांतले वेगळे स्वर तिथे एकाच अक्षराने लिहितात. गोव्यात बहुतेक मुलांचे माध्यम पाचवीपासून इंग्रजी होतेच, म्हणून अडचण चौथीच्या आत ओळखली गेली पाहिजे.

राहिली पळवाट. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये नोंदलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे आणि ती लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी त्यात शाळांवर टाकली आहे. प्रमाणपत्र असले की केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. मुलाचे उत्तर लिहून देणारा लेखनिक मूल सांगेल तेवढेच लिहितो. उत्तर मुलालाच यावे लागते.

“टीचर, कागदावर शिक्का बसला तर पुढे काय?” असे म्हणत त्या मुलाची आई, हा संदेश वाचून, बांबोळीच्या रुग्णालयातल्या तपासणीची तारीख रद्द करायला निघाली होती. आता ती सोमवारी मुलाला घेऊन जाणार आहे आणि त्याच्या दोन वह्या घेऊन मीही सोबत जाणार आहे.