विचारायचं त्याने, बाकी सगळं तुम्ही

तुमचं दोघांचं ठरलेलं आहे. राहायचं कुठे, मुलं हवीत का, हवी असतील तर कधी, घराचं कर्ज कुणाच्या नावावर काढायचं, सगळं बोलून झालंय. राहिलाय एकच प्रश्न, ‘माझ्याशी लग्न करशील का?’, आणि तो तुम्ही विचारायचा नाही. ते पुरुषाचं काम. तुमचं काम म्हणजे त्याला तो विचारायला लावणं, आणि त्याने विचारला की दचकणं.

सुरुवात बोटापासून करू. अंगठी त्याने गुपचूप आणायची असते आणि ती तुमच्या बोटात नेमकी बसायचीही असते. या दोन अटी एका घरात सुखाने नांदत नाहीत. तो तुमच्या ड्रॉवरमधली हाताला लागेल ती अंगठी उचलून सोनाराला दाखवतो, आणि ती नेमकी मधल्या बोटाची निघते. किंवा तुम्ही झोपलात की बोटाला दोरा गुंडाळतो. दोरा ताणला जातो, शिवाय तो मोजतो बोटाच्या मुळाशी, त्यामुळे अंगठी येते ती सांध्यापाशीच अडकते. तेव्हा माप तुम्हीच काढा. अर्धा सेंटिमीटर रुंदीची कागदी पट्टी घ्या. गारठ्यात बोट आकसतं, उकाड्यात फुगतं, म्हणून दिवस कलल्यावर, हात ना गार ना गरम असताना मोजा. मुळाशी एकदा, सांध्यावर एकदा. सांधा जाड असेल तर मधलं माप धरा. घेर ५२ मिलिमीटर आला, तर आतला व्यास साधारण साडेसोळा. कडी रुंद हवी असेल तर माप किंचित सैल ठेवा.

हा आकडा त्याला थेट सांगायचा नाही. बहिणीला सांगा. ती त्याला सांगेल, आणि तो मोठ्या शिताफीने तो तुमच्यापासून लपवेल. त्याच फोनवर तिला हेही सांगून ठेवा, की पूर्ण वेढाभर खडे असलेली अंगठी नंतर लहान-मोठी करणं जवळपास अशक्य असतं. कापून जोडायला मोकळा धातूच उरलेला नसतो. हे तुम्हाला ठाऊक आहे हे त्याला कळता कामा नये. तुम्ही अंगठीचा विचारसुद्धा केलेला नाही.

बोट कुठलं, तर डाव्या हाताची अनामिका. तिथून एक शीर थेट हृदयाला जाते असं जुने लोक मानत. शिरा सगळ्याच बोटांतून हृदयाकडे जातात, पण तो विषय त्या दिवशी काढू नका.

आता नखं. प्रश्न कधी येईल हे तुम्हाला कळायचं नाही, आणि तो आल्यावर हाताचा फोटो मात्र अगदी जवळून निघणार. जेल नेलपॉलिशचा थर दोन-तीन आठवडे टिकतो. त्याला धीर गोळा करायला आठ महिने लागले, तर बारा फेऱ्या झाल्या. त्याचा धीर, तुमचा खर्च.

खर्चावरून आठवलं, त्याने किती खर्च करावा? परंपरेचं उत्तर तयार आहे: दोन महिन्यांचा पगार. ही परंपरा डी बियर्स या हिऱ्यांच्या कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या जाहिरातींइतकी प्राचीन आहे. त्याआधी एका महिन्यावर भागत होतं. जपानी पुरुषांना मात्र तीन महिने सांगितले गेले. हिरा चिरंतन असतो हे सत्यसुद्धा १९४७ साली एका जाहिरात संस्थेत जन्मलं. ते लिहिणाऱ्या फ्रान्सेस गेरेटी यांनी स्वतः लग्न केलं नाही. पुरुषांनीही एंगेजमेंट रिंग घालावी म्हणून अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांनी १९२० च्या दशकात जाहिराती करून पाहिल्या, पण त्या काही चालल्या नाहीत. पुरुषाच्या बोटाला परंपरा चिकटत नाही, त्वचेचाच काही दोष असावा.

प्रत्यक्ष प्रसंगाची तालीम त्याने करायची असते. तो करणार नाही, म्हणून त्यातल्या खाचाखोचा तुम्हाला माहीत हव्यात. डावा गुडघा खाली, उजवा वर. डबी डाव्या हातात, झाकण उजव्याने उघडायचं, आणि बिजागरी त्याच्या बाजूला. घाईत डबी उलटी धरली जाते. मग अंगठी त्याला दिसते आणि तुम्हाला झाकणाची पाठ. अशा वेळी झाकणालाच ‘किती सुंदर!’ म्हणा. डबी पँटच्या खिशात असेल तर तो तासभर एका कुशीवर बसलेला दिसेल. तब्येतीची चौकशी करू नका. पुलावर, धक्क्यावर, होडीत तो गुडघा टेकायच्या बेतात दिसला, तर ‘थंडी वाजतेय’ म्हणत त्याला चार पावलं आत, सलग जमिनीवर आणा. लाकडी फळ्यांमधल्या फटीतून अंगठी सहज जाते. खाण्यात किंवा पेल्यात अंगठी लपवायची कल्पना तर बहिणीमार्फत मुळातच खुडून टाका. गिळली तर क्ष-किरणांच्या खोलीत ‘हो’ म्हणावं लागतं.

त्याने गुडघा टेकला की दोन्ही हात तोंडावर न्यायचे असतात. इथे बऱ्याच जणी चुकतात. हात तिथेच राहतात, आणि तो अंगठी हवेत धरून बसतो. तीन आकडे मोजा आणि डावा हात खाली आणा, बोटं किंचित फाकवून. सांध्यावर अंगठी अडली तर तो ढकलत राहील; हळूच गोल फिरवून ती आत घेण्याचं काम तुमचं. मग रडा, पण काजळ बेताचं असू द्या. आणि त्याला लगेच ‘अरे, ऊठ ना’ म्हणू नका. घरात गुडघे टेकून फरशी पुसायचे दिवस पुढे येतीलच, आणि तेव्हा ते गुडघे त्याचे नसतील.

खेळाच्या मैदानात मोठ्या पडद्यावर विचारलं तर? परंपरेने तुम्हाला उत्तराचं पूर्ण स्वातंत्र्य दिलं आहे, फक्त चाळीस हजार लोकांसमोर ते ‘हो’ असावं. ‘नाही’ घरी जाताना गाडीत सांगता येतं.

एवढं सगळं तुम्हीच करताय, तर प्रश्नही स्वतःच विचारावा, असं मनात येईल. त्याचीही सोय आहे. २९ फेब्रुवारीला बाईने विचारलं तर चालतं, अशी युरोपात समजूत आहे. म्हणजे चार वर्षांतून एकदा. पुढची तारीख २०२८ ची. शतकाच्या टोकाला जपा. १९०० प्रमाणे २१०० हेही लीप वर्ष नाही, तेव्हा २०९६ ला संकोचलात तर थेट २१०४. या सवलतीचा कायदा १२८८ साली स्कॉटलंडची राणी मार्गारेट हिने केला, असं सांगतात. राणी त्या वेळी पाच वर्षांची होती आणि राहायला नॉर्वेत. पाच वर्षांच्या मुलीला बायकांची एवढी कळकळ होती, यातच सगळं आलं.

दुसरी वाट म्हणजे राज्यावर बसणं. गादीवरच्या राणीला लग्नाचं विचारण्याचा अधिकार कुणालाच नव्हता, म्हणून १५ ऑक्टोबर १८३९ रोजी विंडसरला व्हिक्टोरियाने आल्बर्टला स्वतः विचारलं. तो ‘हो’ म्हणाला. साम्राज्य हाताशी असेल तर हा मार्ग खुशाल वापरा.

नसेल, तर वाट बघा. झाल्यावर जो तो एकच विचारेल, ‘त्याने कसं विचारलं गं?’ तेव्हा गोष्ट त्याच्या बाजूने सांगा: सगळं त्यानेच ठरवलं, मला सुगावासुद्धा नव्हता. फोटो दाखवताना फोन मात्र स्वतःच्या हातात ठेवा. कुणी गॅलरीत चार बोटं मागे सरकलं, तर मोजपट्टीशेजारी ठेवलेली ती कागदाची पट्टी दिसेल, ५२ वर पेनाची खूण केलेली.